दुसऱ्याच्या नावाने दावा

यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठी. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने तो बांधला. जिल्ह्यातल्या प्रेसांत दाबलेल्या गाठी त्यावरून मूर्तिजापूरला जात. तेथे रुळांची रुंदी बदलत असल्यामुळे हमालांना त्या उतरवून रुंद मार्गाच्या डब्यांत चढवाव्या लागत. वाटेत गाठ भिजली, जळली की विमा उतरवलेला व्यापारी विमा कंपनीकडून भरपाई घेई. त्याचे प्रकरण तेथे संपे; वकिलांचे सुरू होई.

याला इंग्रजी कायद्यात सब्रोगेशन म्हणतात. शब्द अवघड असला तरी गोष्ट सोपी आहे. ज्याने नुकसान भरून दिले, तो नुकसान सोसणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि दोषी इसमाकडून वसुली करतो. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळू नयेत आणि दोषी माणूस दुसऱ्याच्या विम्याआड सुटू नये, हा त्यातला हेतू. १७८० च्या लंडनमधील दंगलीत पाडलेल्या एका घराची भरपाई विमा कंपनीने दिली आणि घरमालकाच्या नावाने त्या विभागावर दावा लावला. १७८२ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तो मान्य केला. दावा कंपनीचा, नाव मात्र घरमालकाचे!

आपल्याकडील वकिलांच्या पेढ्यांनीही हीच रीत उचलली. व्यापाऱ्याकडून हक्कपत्र व मुखत्यारपत्र लिहून घ्यायचे, बिल्टी आणि सर्व्हेअरचा अहवाल जोडायचा, १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांच्या आत नोटीस द्यायची. मुदत हुकली की दावा बुडालाच. मालमोटारीचे प्रकरण त्या मानाने सोपे. १८६५ च्या कॅरिअर्स ॲक्टप्रमाणे वाहतूकदाराचा निष्काळजीपणा फिर्यादीला सिद्ध करावा लागत नसे. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर तर सरकारी विमा कंपनीने सरकारी रेल्वेवर दावा लावावा, असा प्रकार झाला. दोन्हीकडची फी अर्थात जनतेची. कंपनीने मालकाच्या नावाने ग्राहक न्यायालयात जावे की नाही, हा वाद २०१० पर्यंत चालला. चरण स्पिनिंग मिल्सच्या सुताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तसे जाता येते, असा निकाल दिला.

येथवर भांडण पैसेवाल्यांचे. पण मालकाच्या जागी उभी राहिलेली कंपनी मालकाच्याच कामगाराकडे वळली तर? इंग्लंडात तेही घडले. रोमफर्ड येथील एका कंपनीचा लिस्टर नावाचा चालक १९४९ साली लॉरी मागे घेत असता त्याच्याच बापाला धक्का लागला. बापही तेथलाच नोकर. विमा कंपनीने मालकातर्फे बापाला भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने मुलावर दावा लावला. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी मुलाविरुद्ध निकाल दिला. बापाला एका हाताने दिलेले मुलाकडून दुसऱ्या हाताने काढून घेतले! त्यावर इतका गहजब झाला की, संगनमत किंवा जाणूनबुजून केलेला गुन्हा नसेल तर आम्ही नोकरावर असा दावा लावणार नाही, असे विमा कंपन्यांनी आपण होऊन कबूल केले. कायदा मात्र तसाच राहिला.

आमच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात याच युक्तीची दुसरी बाजू होती. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या १३ व्या कलमाने मालक कामगाराला दिलेली भरपाई दोषी परक्या इसमाकडून वसूल करू शके. वकील ते कलम जाणत. १४ वे कलम मात्र आम्ही फार उशिरा वाचले, तेही स्वतःच अडखळत. मालकाचे दिवाळे निघाले किंवा कंपनी गुंडाळली गेली, तर विमा कंपनीविरुद्धचा मालकाचा हक्क कामगाराकडे येई. म्हणजे येथे मालकाच्या जागी उभा राहणारा कामगार होता! हंगाम संपताच बंद पडणाऱ्या जिनांच्या जिल्ह्यात हे कलम किती मोलाचे, हे सांगायला नको. पण त्याचा उपयोग करायचा तर मालकाची पॉलिसी कोणत्या कंपनीची, हे आधी ठाऊक पाहिजे. रेच्यात बोटे गेलेला कामगार संघटनेच्या कचेरीत आला की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. अजून तरी बहुतेक वेळा तो मान हलवतो.