साठ की पासष्ट? ब्रिटनमधील स्त्रियांच्या पेन्शन-वयाचा वाद

१/२०
ब्रिटनमध्ये १९४० ते २०१० अशी सत्तर वर्षे स्त्रियांना ६० व्या वर्षी सरकारी पेन्शन मिळत असे. पुरुषांना ६५ व्या वर्षी. हा भेद मिटवणारा कायदा १९९५ मध्ये झाला. समानतेच्या तत्त्वाला फारसा कोणाचा विरोध नव्हता. तरीही वीस वर्षांनी लाखो स्त्रिया त्यावरून संतप्त झाल्या. असे का घडले, त्याचा हा इतिहास.

२/२०
प्रथम एक खुलासा. 'पेन्शन' म्हटले की आपल्याकडे सरकारी नोकर डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनची 'स्टेट पेन्शन' तशी नाही. नोकरीच्या काळात राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गिरणी कामगार असो वा दुकानातील विक्रेता, ती मिळते. ती घेण्यासाठी काम सोडावे लागत नाही. पण ज्याच्या गाठीशी दुसरे काही नाही, त्याच्यासाठी पेन्शनचे वय हेच निवृत्तीचे वय ठरते.

३/२०
सुरुवात १९०८ च्या कायद्याने झाली. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले, तेही जवळच्या टपाल कार्यालयात. वर्गणीची अट नव्हती, उत्पन्नाची मात्र होती. लाभार्थींत स्त्रियांची संख्या अधिक होती. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे वयाची अट स्त्री-पुरुष दोघांनाही एकच होती.

४/२०
१९२५ मध्ये वर्गणीवर आधारलेली पेन्शन आली. विमा उतरवलेल्या व्यक्तीला ६५ व्या वर्षी आठवड्याला १० शिलिंग. येथेही वय समानच होते. याच कायद्याने विधवांनाही पेन्शन दिली, आणि तिला वयाचे बंधन नव्हते. नवऱ्याने वर्गणी भरलेली असली की तिशीतील विधवेलाही ती मिळे. पुढच्या वादाचे बीज या तरतुदीत होते.

५/२०
पहिल्या महायुद्धात ब्रिटनची एक तरुण पिढी कापली गेली. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सुमारे १७ लाख स्त्रिया अधिक होत्या. त्यांतील अनेकींचे लग्न कधीच झाले नाही. त्यांनी गिरण्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत आयुष्यभर काम केले आणि विम्याची वर्गणीही भरली. पेन्शनसाठी मात्र त्यांना ६५ पर्यंत थांबावे लागे.

६/२०
१९३५ मध्ये ब्रॅडफर्ड या लोकरगिरण्यांच्या शहरात फ्लॉरेन्स व्हाइट यांनी अविवाहित स्त्रियांची पेन्शन संघटना उभी केली. त्या स्वतः लहानपणी गिरणीत राबलेल्या होत्या आणि पुढे मिठाई-पावाचे दुकान चालवीत. त्यांचा वाग्दत्त वर महायुद्धाच्या काळात मरण पावला होता. मागणी एकच होती : अविवाहित स्त्रीला ५५ व्या वर्षी पेन्शन.

७/२०
युक्तिवाद साधा होता. पन्नाशी उलटलेल्या गिरणीकामगार स्त्रीची नोकरी एकदा गेली की दुसरी मिळणे दुरापास्त. शिवाय अनेकींवर म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी. विधवेला नवऱ्याच्या वर्गणीवर कोणत्याही वयात पेन्शन मिळते. मग स्वतः वर्गणी भरणारीने ६५ पर्यंत का थांबावे? १९३७ मध्ये संघटनेने सुमारे दहा लाख सह्यांचा अर्ज संसदेकडे नेला.

८/२०
सरकारने चौकशी समिती नेमली. ५५ ची मागणी काही मान्य झाली नाही. पण १९४० च्या कायद्याने विमाधारक स्त्रियांचे आणि पेन्शनधारकांच्या पत्नींचे वय ६५ वरून ६० वर आणले. अविवाहित स्त्रियांना पाच वर्षांचा लाभ झाला खरा. पण हा आकडा ठरवताना सरकारच्या मनात मुख्यतः विवाहित जोडपे होते.

९/२०
तो हिशेब असा : नवरा बायकोपेक्षा साधारणतः काही वर्षांनी मोठा असतो. त्याला ६५ व्या वर्षी पेन्शन सुरू झाली तरी ६१ वर्षांच्या पत्नीला आणखी चार वर्षे काहीच मिळत नसे, आणि दोघांना एकाच्या १० शिलिंगांत भागवावे लागे. पत्नीचे वय ६० केले की बहुतेक जोडप्यांना दोघांची पेन्शन एकदमच मिळू लागे.

१०/२०
म्हणजे '६०' हा आकडा स्त्रीच्या आयुर्मानावरून आला नव्हता, तिच्या शारीरिक क्षमतेवरूनही नव्हता. नवरा-बायकोच्या वयातील अंतरावरून तो निघाला होता. पुढे मात्र त्याचा उगम विस्मरणात गेला. १९४८ मध्ये युद्धोत्तर राष्ट्रीय विमा योजनेने ६०-६५ ची जोडी तशीच स्वीकारली आणि स्त्रियांच्या दोन पिढ्यांनी साठ हेच आपले वय धरून आयुष्य आखले.

११/२०
याच योजनेत आणखी एक गृहीतक होते : विवाहित स्त्री पतीवर अवलंबून असते. म्हणून तिला कमी दराची वर्गणी भरण्याची मुभा होती. ती निवडली की स्वतःच्या पेन्शनचा हक्क जाई. नव्याने हा पर्याय निवडण्याची सोय १९७७ मध्ये संपली. खासगी पेन्शन योजनांतूनही अर्धवेळ कामगार, म्हणजे प्रामुख्याने स्त्रिया, नव्वदच्या दशकापर्यंत बऱ्याचदा वगळलेल्या असत.

१२/२०
दरम्यान युरोपीय समुदायाचे समान वागणुकीचे कायदे आले. १९७८ च्या निर्देशाने सरकारी पेन्शनच्या वयापुरती सवलत ठेवली होती. पण १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की स्त्रीला पुरुषापेक्षा लवकर सक्तीने निवृत्त करणे हा भेदभाव आहे. १९९० मध्ये त्याच न्यायालयाने कंपन्यांच्या पेन्शनलाही वेतन मानले आणि तेथेही समान वय बंधनकारक झाले.

१३/२०
आता विषमता उरली ती सरकारी पेन्शनमध्ये. १९९१ मध्ये सरकारने पर्याय चर्चेला ठेवले. दोघांनाही ६० करणे खर्चिक होते. दोघांनाही ६५ करण्यात तिजोरीची बचत होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी ६५ ची घोषणा केली. समानता पुरुषांना खाली आणूनही साधली असती. ती स्त्रियांना वर नेऊन साधली गेली.

१४/२०
तरीही १९९५ च्या कायद्याची रचना सावध होती. बदल सुरू होणार होता २०१० मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, आणि पूर्ण होणार होता २०२० मध्ये. ६ एप्रिल १९५० नंतर जन्मलेल्या स्त्रियांचे वय जन्माच्या प्रत्येक महिन्यामागे एकेक महिन्याने वाढणार होते. कागदावर ही सूचना पुरेशी होती. पण ती कागदावरून घराघरांत पोहोचली का?

१५/२०
येथेच खरी चूक झाली. माहितीपत्रके निघाली, वृत्तपत्रांत बातम्या आल्या. पण प्रत्येकीला स्वतंत्र पत्र गेले नाही. अनेकींना बदलाची कल्पनाच नाही, हे पुढे सरकारच्याच पाहणीत दिसून आले. तरीही थेट पत्रे पाठवण्यास सुरुवात झाली ती एप्रिल २००९ मध्ये, कायद्यानंतर जवळपास चौदा वर्षांनी. बदलाचा पहिला टप्पा तेव्हा अवघ्या वर्षभरावर आला होता.

१६/२०
त्यातच २०११ चा कायदा आला. आर्थिक मंदीनंतरच्या काटकसरीत सरकारने वेग वाढवला : स्त्रियांचे वय नोव्हेंबर २०१८ पर्यंत ६५, आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत सर्वांचेच ६६. उदाहरणार्थ, मार्च १९५४ च्या मध्यावर जन्मलेली स्त्री. जुन्या नियमाने तिची पेन्शन ६० व्या वर्षी, १९९५ च्या कायद्याने मार्च २०१८ मध्ये ६४ व्या वर्षी. २०११ नंतर ती सप्टेंबर २०१९ वर गेली. म्हणजे आणखी दीड वर्ष, आणि हे ठरले तेव्हा ती ५७ वर्षांची होती.

१७/२०
ज्या स्त्रीला १९९५ चा बदल कळलाच नव्हता, तिच्यासाठी ही झेप साडेपाच वर्षांची ठरली. काहींनी आजारी आईवडिलांसाठी किंवा नातवंडांसाठी नोकरी आधीच सोडली होती. काहींनी साठीच्या हिशेबाने बचत संपवली होती. २०१५ मध्ये पाच स्त्रियांनी 'वास्पी' ही मोहीम सुरू केली. पन्नाशीच्या दशकात जन्मलेल्या सुमारे ३८ लाख स्त्रियांचा हा प्रश्न होता. वास्पीने समान वयाला आव्हान दिले नाही. बदल ज्या पद्धतीने लादला गेला, त्याबद्दल भरपाई मागितली. दुसऱ्या एका गटाची मागणी मात्र साठीपासूनची सगळी थकबाकी देण्याची होती.

१८/२०
विरोधी बाजूही दुबळी नव्हती. पुरुषांचे आयुर्मान कमी असूनही त्यांना पेन्शन उशिरा मिळत होती. लोक अधिक जगत होते आणि भार तरुण करदात्यांवर पडत होता. थकबाकी मागणाऱ्या गटाचा दावा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला : जुनी विषमता दूर करणे हा भेदभाव नव्हे. त्याच वेळी वास्तव वेगळेच बोलत होते. वय ६५ वरून ६६ होताच ६५ वर्षांच्या लोकांतील दारिद्र्याचे प्रमाण १० वरून २४ टक्क्यांवर गेले, असे एका आघाडीच्या अर्थसंशोधन संस्थेला आढळले.

१९/२०
वादाला नेमके वळण दिले ते संसदीय लोकपालांनी. कायदा योग्य की अयोग्य हे ठरवणे त्यांच्या कक्षेत नव्हते. कारभार नीट झाला का, हे होते. पत्रे किमान २८ महिने आधी निघायला हवी होती, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये काढला. मार्च २०२४ मध्ये त्यांनी प्रत्येकी १,००० ते २,९५० पौंड भरपाईची शिफारस केली. ही बुडालेल्या पेन्शनची परतफेड नव्हती. वेळेवर माहिती मिळाली असती तर वेगळा निर्णय घेता आला असता. ती संधी हिरावली गेल्याची ही भरपाई होती.

२०/२०
डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने विलंबाबद्दल माफी मागितली, पण भरपाई नाकारली. बहुतेक स्त्रियांना बदल ठाऊक होता आणि सरसकट भरपाईचा खर्च १०.५ अब्ज पौंडांपर्यंत जाईल, असे कारण दिले. वास्पीने ते मान्य केले नाही.

पेन्शनचे वय पुढेही वाढणारच आहे. २०१४ च्या कायद्यानुसार ते २०२६ ते २०२८ या काळात ६७ होते आहे. मात्र यापुढच्या बदलांसाठी लोकांना किमान दहा वर्षे आधी सूचना मिळावी, हे तत्त्व ब्रिटिश सरकारने दरम्यान स्वीकारले. १९५४ साली जन्मलेल्या स्त्रीला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण कायदा राजपत्रात छापला म्हणजे तो लोकांना कळला असे होत नाही, एवढे तरी या वादाने सरकारच्या गळी उतरवले.

(समाप्त)