अर्ध्या इंचाचा पाना



जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी सॉकेटचा संच कसा निवडावा, हा आजचा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की, हा प्रश्न व्याख्यानाचा नसून दुकानदाराचा आहे. शंका वाजवी आहे. परंतु आमच्या मते हा इतिहासाचाच विषय होय. नटाचे माप निसर्गाने ठरविलेले नाही. ते माणसांनी आपसांत केलेल्या करारातून आलेले आहे. आणि करार हा तर आम्हा युनियनवाल्यांच्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. आमचे शालेय शिक्षण बेताचे झाले. तेव्हा जे सांगणार आहोत ते गॅरेजात पाहिलेले आणि पुढे पुस्तके चाळून पडताळलेले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रारंभ एका घटनेने करतो. आमचे वडील येथल्या एका गिरणीत फिटर होते. घरी त्यांच्या स्वतःच्या पान्यांची एक लाकडी पेटी होती. आम्ही चौदा वर्षांचे असताना उन्हाळ्याच्या सुटीत मोहोळ तालुक्यात मामांकडे गेलो, ते ही पेटी घेऊन. कारण मामांनी एक जुना ट्रॅक्टर घेतला होता आणि तसा निरोपच धाडला होता. नांगर जोडावयाच्या भागावरचा एक बोल्ट काढावयाचा होता. बोल्ट अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती. आम्ही मोठ्या ऐटीने '1/2' असा आकडा कोरलेला पाना काढला. तो त्या डोक्यावर नुसता गरगर फिरला. '3/8'चा पाना बसेना. मधला '7/16'चा सैल बसत होता. त्यात पत्र्याचा तुकडा घालून तो आम्ही मामांच्या सालगड्याच्या हातात दिला. त्याने जोर लावला, पाना घसरला आणि त्याची मूठ लोखंडावर आदळली. दोन बोटांची हाडे मोडली. पुढे वीस दिवस त्याला काम करता आले नाही आणि त्या दिवसांचे त्याला काही मिळाले नाही. "हात सांभाळायला नको का त्यानं?" एवढेच मामा म्हणाले.

घरी आल्यावर आम्ही वडिलांना म्हणालो, "अण्णा, तुमच्या पान्यावरचा आकडाच खोटा आहे."

ते म्हणाले, "आकडा खोटा नाही रे. तो कशाचा आहे, ते तू विचारलं नाहीस."

हे उत्तर समजावयास आम्हाला बरीच वर्षे लागली. त्याचा इतिहास असा.

इंग्लंडात जितके कारखाने होते तितक्याच तऱ्हांचे बोल्टांचे आटेही होते, असे म्हटले तरी चालेल. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमविले, त्यांचे सरासरी माप काढले आणि 1841 साली एक पद्धत सुचविली. आट्यांचा कोन 55 अंश आणि प्रत्येक जाडीला ठरावीक आटे. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचामागे 12. रेल्वेने ही पद्धत उचलली. रेल्वे सोलापुरास 1860 मध्ये पोहोचली. मोरारजी गोकुळदासांची सूतगिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती 1877 मध्ये सुरू झाली. त्या काळी गिरण्यांची यंत्रे लँकेशायरकडून येत आणि यंत्रांबरोबर आटेही येत. आमच्या वडिलांची पेटी ही या घराण्यातली. या घराण्याची रीत अशी की, पान्यावरचा आकडा बोल्टाची जाडी सांगतो, नटाची रुंदी सांगत नाही. '1/2' व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात 0.92 इंच असते.

दुसरे घराणे अमेरिकेचे. 1864 साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांची पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे असे की, व्हिटवर्थचे गोल माथ्याचे आटे पाडावयास अधिक हत्यारे आणि अधिक कसब लागते. सपाट माथ्याचे आटे साधा कारागीरही पाडू शकेल. यात कामगाराची सोय होती, तशी कमी मजुरीत काम उरकण्याची मालकाची सोयही होती. यंत्राच्या इतिहासात या दोन सोयी बहुधा हातात हात घालूनच येतात. सेलर्सच्या अर्ध्या इंचाच्या बोल्टाला 13 आटे होते. बारा आणि तेरा, फरक एकाचाच. पण नट चढणार नाही तो नाहीच.

या एका आट्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. मित्र म्हणविणाऱ्या सैन्यांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात. अखेर 18 नोव्हेंबर 1948 रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे 'युनिफाइड' आट्यांचा करार केला. त्याच सुमारास ट्रॅक्टरचे युग आले. फर्ग्युसनचा टीई-20 हा ट्रॅक्टर 1946 पासून कॉव्हेंट्रीत होऊ लागला. इंग्लंडात बनत असला तरी त्याचे वळण अमेरिकन होते. मद्रासच्या 'टॅफे'ने 1960 पासून मॅसी फर्ग्युसनशी, आणि महिंद्राने 1963 पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली. हे ट्रॅक्टर या घराण्यातले. येथे पान्यावरचा आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगतो. त्याला 'ए.एफ.' म्हणतात. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला येथे पाऊण इंचाचा पाना लागतो. वडिलांच्या '7/16' पान्याचे तोंड 0.82 इंच आणि बोल्टाचे डोके 0.75 इंच. या सात शतांश इंचाच्या सैलपणात त्या सालगड्याची दोन बोटे गेली.

तिसरे घराणे मिलिमीटरचे. आपल्याकडे मापांचा कायदा 1956 साली झाला, नवे पैसे 1957 मध्ये आले आणि ऑक्टोबर 1958 पासून किलोची वजने सुरू झाली. जर्मन वळणाचा आयशर 1959 मध्ये फरिदाबादेस निघाला; चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून बनविलेला एच.एम.टी. 1971 मध्ये पिंजोरला निघाला. उजनीचे धरण 1980 मध्ये पुरे झाले. पाण्यापाठोपाठ ऊस आणि उसापाठोपाठ ट्रॅक्टर वाढले. सोलापूर जिल्ह्यातल्या एकाच गावच्या एकाच गॅरेजात अशी तिन्ही घराणी नांदताना आम्ही पाहिली आहेत.

आता निवडीकडे वळू. पहिला नियम असा की, दुकानात जाण्यापूर्वी ट्रॅक्टरची जात ओळखावी. त्यावरची पट्टी वाचावी आणि दहा-बारा नटांची रुंदी व्हर्नियरने मोजावी. मॅसी आणि इंटरनॅशनल असल्यास ए.एफ. संच घ्यावा, झेटर, एच.एम.टी., आयशर असल्यास मिलिमीटरचा. व्हिटवर्थ जुन्या इंग्रजी इंजिनांसाठी आणि पंपांसाठी राखावा. जुन्या ट्रॅक्टरवर अनेक हात फिरलेले असतात. तेव्हा एखादा परका नट निघाला तर नवल मानू नये.

दुसरा नियम, 'जवळपास बसते' या शब्दावर विश्वास ठेवू नये. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, तेथे 19चा सॉकेट चालून जातो. परंतु अर्धा इंच म्हणजे 12.7, तेथे 13चा सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. 9/16 म्हणजे 14.29, तेथे 14चा बसत नाही आणि 15चा घसरतो.

तिसरा नियम, सॉकेट, ज्याला गॅरेजातली मुले गोटी म्हणतात, तो आतून सहा कोनी घ्यावा. बारा कोनी सॉकेट अडचणीच्या जागी सोयीचा पडतो, पण जोर कोपऱ्यांपाशीच देतो; सहा कोनी नटाच्या बाजूंना धरतो. चौथा नियम, दांड्याची चौकोनी खुंटी बहुतेक कामाला अर्ध्या इंचाची आणि चाकांच्या मोठ्या नटांना पाऊण इंचाची असावी. गंमत अशी की, ही खुंटी मिलिमीटरच्या संचातही इंचाचीच असते. एवढ्या एका बाबतीत साऱ्या जगाने इंच मान्य केला आहे! पाचवा नियम, घट्ट नट रॅचेटने फोडू नये, त्याचे दाते तुटतात. आधी तेल सोडून थांबावे, मग लांब दांडा लावावा आणि तो शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना निसटला तर मूठ लोखंडावर जाते. दांड्यात पाइप घालून जोर वाढविण्याची खोड तर सोडूनच द्यावी. शंभर नगांच्या चकचकीत पेटीपेक्षा आपल्या ट्रॅक्टरला लागणारे पंधरा चांगले सॉकेट अधिक मोलाचे आहेत.

यावर कोणी म्हणेल की, चांगले हत्यार महाग असते. असते खरे. परंतु ते न घेतल्याची किंमत कोण भरतो, हाही हिशेब मांडला पाहिजे. पुष्कळ गॅरेजांत पाने मालकाचे असतात आणि बोटे पोराची.

युनियनच्या कामात पडल्यावर एक गोष्ट आमच्या वाचनात आली. 1923च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीत कामाला असलेल्या माणसाचाही उल्लेख होता. त्या सालगड्याला निदान मागणी तरी करता आली असती. ते त्याला ठाऊक नव्हते, मामांना नव्हते आणि आम्हालाही नव्हते. पान्यावरचा आकडा आम्हाला वाचता आला नाही, तसेच कायद्याचे कलमही. दोन्ही करारच होते आणि दोन्ही छापलेले होते.

तो सालगडी आता हयात नाही. त्याची ती दोन बोटे अखेरपर्यंत पुरती मिटत नसत. वडिलांची पेटी मात्र आमच्या कचेरीत आहे. गॅरेजात काम करणारी मुले रविवारी येतात, तेव्हा त्यातला '1/2'चा पाना आणि अर्ध्या इंचाचा ए.एफ. सॉकेट आम्ही त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, "हा आकडा कशाचा, सांगा बरं?" उत्तर आल्यावाचून पाना हातात देत नाही.