कानाने जुळवायची करवत : चेनसॉच्या ट्यूनिंगचा इतिहास

#थ्रेड

१/ चित्रपटातील चेनसॉ दोरी ओढताच गुरगुरू लागते. प्रत्यक्षात ती सुरू करणे आणि तिचे पेट्रोल-हवेचे मिश्रण जुळवणे ही अनेक दशके कानाने शिकण्याची विद्या होती. २०१० च्या सुमारास हे काम करवत स्वतःच करू लागली. हा बदल कसा घडला आणि त्यात कोणाच्या हातून काय सुटले, ते पाहू.

२/ साखळीच्या करवतीचा जन्म जंगलातला नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या वैद्यांनी हाडे कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. ती हाताने चालवली जाई. इंजिन तिला फार उशिरा मिळाले.

३/ १९२६ मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी करवत बनवली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोल-करवतीची चाचणी घेतली. श्टील यांची १९२९ ची पेट्रोल-करवत ४६ किलोंची होती. ती उचलायला दोन माणसे लागत.

४/ वजनाखेरीज आणखी एक अडचण होती. तेव्हाच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी तरंगत्या गोळ्यावर, म्हणजे फ्लोटवर ठरे. यंत्र कलले की पातळी बिघडे आणि इंजिन बंद पडे. म्हणून अनेक करवतींत इंजिन उभे ठेवून केवळ पाते आडवे फिरवण्याची सोय असे.

५/ १९५० मध्ये श्टील कंपनीची एका माणसाने चालवायची १६ किलोंची पेट्रोल-करवत आली. त्याच दशकात फ्लोटऐवजी लवचीक पडद्याचा डायफ्रॅम कार्ब्युरेटर रूढ झाला. आता करवत कशीही धरली तरी इंजिन चाले. लाकूडतोड्या खऱ्या अर्थाने एकटा काम करू लागला, आणि यंत्राची निगाही त्याच्या एकट्यावर आली.

६/ या कार्ब्युरेटरवर मुख्यतः दोन पेच असत : मंद गतीसाठी ‘एल’ आणि पूर्ण गतीसाठी ‘एच’. पेच आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर फिरवला की जास्त. थंडीत हवा दाट होते, तेव्हा त्याच पेचावर मिश्रण पातळ पडते. उंच डोंगरावर हवा विरळ असते, तेथे तेच मिश्रण घट्ट होते.

७/ मिश्रण पातळ राहिले तर संकट दुहेरी. दोन-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. आपल्याकडील जुन्या स्कूटरींना पंपावर तेल घालून घ्यावे लागे, ते आठवा. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, शिवाय उष्णता अधिक. इंजिन जोरात पळते, मालक खूश होतो, आणि थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो.

८/ म्हणून जाणकार आवाज ऐकत. पूर्ण गतीने मोकळ्या फिरणाऱ्या करवतीचा आवाज किंचित खरखरीत हवा, आणि दाते लाकडात रुतताच तो स्वच्छ व्हायला हवा. मोकळे फिरतानाच आवाज गुळगुळीत आणि तीक्ष्ण लागला, तर पेच थोडा बाहेर घ्यावा. हे कागदावरून शिकणे अवघड. जुन्या माणसाशेजारी उभे राहूनच ते कळे.

९/ सुरू करण्याचाही क्रम होता. चोक लावून दोरी ओढायची. इंजिनाने पहिला ठसका दिला की चोक लगेच काढायचा आणि पुन्हा ओढायचे. तो ठसका ऐकू आला नाही आणि ओढणे चालूच राहिले, तर प्लग पेट्रोलने भिजे. नवख्याची सकाळ त्यातच जाई.

१०/ मग कायदा आला. साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात सुमारे पाव ते एक तृतीयांश पेट्रोल न जळताच बाहेर पडते. कॅलिफोर्नियाने १९९५ पासून आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९७ पासून छोट्या इंजिनांवर मर्यादा घातल्या. पेचांवर टोप्या बसल्या. ते ठरावीक अंशांपलीकडे फिरेनात. कान शाबूत होते, पण हात बांधले गेले.

११/ त्यानंतरचे पाऊल म्हणजे हुस्कवार्नाची ‘ऑटोट्यून’ आणि श्टीलची ‘एम-ट्रॉनिक’. येथे पेच नाहीत. एक चिप मिश्रण क्षणभर किंचित बदलते, फेरे वाढले की घटले ते मोजते आणि विद्युत-झडपेने पेट्रोल ठरवते. वेगळी बॅटरी लागत नाही; फिरत्या चाकातील चुंबकांतूनच वीज मिळते. मागच्या वेळची जुळणीही तिच्या लक्षात राहते.

१२/ तरीही तिला ‘शिकवावे’ लागते. कार्ब्युरेटर बदलल्यावर एम-ट्रॉनिक करवत सुरू करून मिनिटभर ॲक्सिलरेटरला हात न लावता चालू ठेवावी लागते, मग पूर्ण गती द्यावी लागते. ऑटोट्यूनला काही मिनिटे प्रत्यक्ष लाकूड कापू द्यावे लागते. घाईने हा क्रम मोडला, तर जुळणी अपुरी राहते.

१३/ लाभ खरा आहे : धूर कमी, पेट्रोलची बचत, डोंगर चढताना पेच फिरवण्याची कटकट नाही. पण पूर्वी भर जंगलात एका स्क्रूड्रायव्हरने जे काम होई, त्यासाठी आता बिघाड झाल्यास दुकानातला संगणक लागतो. आणि फाटलेली पेट्रोल-नळी किंवा बोथट दाते चिपला दुरुस्त करता येत नाहीत. बदललेला आवाज ओळखणारा माणूस करवतीपाशी आजही हवाच.

(समाप्त)