कॉलेजचा खर्च आणि त्याची परतफेड

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच हिशेब मांडला जातो. गुण किती पडले, प्रवेश कोठे मिळेल, शुल्क किती, वसतिगृहात जागा आहे का, आणि एवढा पैसा आणायचा कोठून? हा हिशेब आजचा वाटतो. पण मराठी माणसाच्या घरात तो दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. उच्च शिक्षणाचा खर्च एकट्याने पेलणारी घरे नेहमीच थोडी होती. बाकीच्यांच्या पाठीशी कोणी ना कोणी उभे राहिले, आणि प्रत्येक मदतीबरोबर परतफेडीचा प्रश्नही आला.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यानंतर कोकणातून आणि देशावरून मुले पुण्या-मुंबईकडे येऊ लागली. शुल्काइतकीच मोठी अडचण दोन वेळच्या जेवणाची होती. तिच्यावर तोडगा म्हणजे वार लावून जेवणे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळाली की आठवडा निभावला.

धोंडो केशव कर्वे मुरूडसारख्या लहान गावातून आले. सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी ते शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले व १८८४ साली पदवी मिळवली. कमवू लागल्यावर त्यांनी आपल्या गावाला विसरले नाही. गावाच्या उपयोगी कामांसाठी ‘मुरूड फंड’ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता.

वाराच्या पद्धतीला मात्र मोठी मर्यादा होती. ती जातीच्या उंबरठ्याशी थांबत असे. ज्या मुलाला शहरात कोणतेही दार उघडे नव्हते, त्याने शिकायचे कसे? राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नाला वसतिगृहांनी उत्तर दिले. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. जेवण आणि निवारा मिळाला, तर खेड्यातील मूलही कॉलेजपर्यंत पोहोचते, हे कोल्हापूरने दाखवून दिले.

परतफेडीचा प्रश्न किती कठीण असू शकतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत दिसते. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्यांना तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. अट अशी की, परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. अट पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला गेलेही. परंतु त्या शहरात जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना आणि कचेरीत अपमान सोसावा लागला. अखेर ते मुंबईला परतले. करार मोडला तो ऋण घेणाऱ्याच्या इच्छेअभावी नव्हे; समाजाने त्याला ते फेडू दिले नाही.

अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर तो प्रवास उभा राहिला. स्वतःची बचत, दानशूराची देणगी आणि कर्ज हे तिन्ही मार्ग एकाच विद्यार्थ्याच्या आयुष्यात एकत्र आले. परतफेड त्यांनी वेगळ्या रीतीने केली. १९२५ मध्ये सोलापुरात त्यांच्या प्रयत्नाने वसतिगृह निघाले, १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी चौथा मार्ग काढला, तो श्रमाचा. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणले. या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडले. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात रुजले. येथे परतफेड पुढच्या काळावर ढकललेली नव्हती. विद्यार्थी रोजच्या घामातून ती करीत होता आणि मान ताठ ठेवून शिकत होता.

यानंतर जबाबदारीचा मोठा वाटा शासनाकडे आला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळाली, ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांतील पालकांच्या तोंडी रुळली. शेतकऱ्याच्या घरातील पहिला पदवीधर बहुधा याच सवलतीवर शिकला.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, शुल्कही वाढले. २००१ मध्ये बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना स्वीकारली आणि वाराची, बोर्डिंगची जागा हळूहळू कर्जाच्या हप्त्यांनी घेतली. शिक्षण संपेपर्यंत हप्ता भरावा लागत नाही, ही त्यातली सोय. पण व्याज थांबत नाही, हे सही करण्यापूर्वी पालक व मुलगा दोघांनीही समजून घ्यायला हवे. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली. अशी सवलत मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. ती मिळावी म्हणून आधीच्या चार पिढ्या झिजल्या आहेत.

बँकेचे कर्ज हप्त्यांनी फिटते आणि खाते बंद होते. वार देणाऱ्या घरांचे, दागिने मोडणाऱ्या माउलीचे ऋण तसे फिटत नाही. ते पुढच्या विद्यार्थ्याकडे वळते करावे लागते. शाळेच्या हीरक महोत्सवात जमणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे पहिले शुल्क कोणी काकांनी, शिक्षकांनी किंवा शिष्यवृत्तीने भरले असेल. आज दहावीच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरी तोच हिशेब मांडला जात आहे, आणि त्यातली एक ओळ अजून कोरी आहे.