सर्व्हरांच्या सोयरिकी

जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर बाजारात आणला आणि एओएल या अमेरिकी कंपनीच्या डोक्याला ताप झाला. या नव्या मेसेंजरमध्ये एओएलचं नाव आणि पासवर्ड टाकला की तिथल्या मित्रमंडळींशीही गप्पा मारता येत. परवानगी कुणी मागितलीच नव्हती. एओएलने रस्ता अडवला. मायक्रोसॉफ्टने सुधारित आवृत्ती काढून तो मोकळा केला. एओएलने पुन्हा अडवला. असं बरंच चाललं. शेवटी एओएलने जो डाव टाकला तो चक्रावून टाकणारा होता. त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीची हद्द ओलांडू देणारी एक चूक राहून गेली होती. समोरचा प्रोग्रॅम अस्सल आहे की मायक्रोसॉफ्टचा, हे त्या चुकीवरूनच ते ताडू लागले. चूक असेल तर आपला, नसेल तर परका! मायक्रोसॉफ्टने मग नाद सोडला.

तेव्हा आयसीक्यू, याहू, एओएल आणि एमएसएन असे चार मेसेंजर एकाच संगणकावर टाकून बसलेली माणसं ठिकठिकाणी दिसत. याहूचं ईमेल हॉटमेलला बिनदिक्कत जात होतं, पण गप्पा मात्र कंपनीचं कुंपण ओलांडत नव्हत्या. तंत्र अवघड होतं म्हणून हे घडत होतं असं मानायला जागा नाही. वेगवेगळ्या मालकांचे सर्व्हर एकमेकांना जोडून गप्पा मारायचं काम तोवर ११ वर्षं जुनं झालं होतं.

त्याची सुरुवात फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात, १९८८ च्या उन्हाळ्यात झाली. यार्को ओइकारिनेन हा विद्यार्थी तिथल्या संगणक विभागात उन्हाळी नोकरी करत होता. सर्व्हर सांभाळायचं काम दिवसभर पुरत नव्हतं. उरलेल्या वेळात त्याने विभागाच्या संदेश-फलकासाठी गप्पांचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि ऑगस्टच्या अखेरीस आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, उभं राहिलं. पहिल्या सर्व्हरचं नाव टोलसन. लवकरच हेलसिंकी आणि टाम्पेरेच्या विद्यापीठांतही तोच प्रोग्रॅम चालू झाला, मग अमेरिकेत डेन्व्हर आणि ओरेगनमध्ये.

दोन सर्व्हर जोडायची त्या काळातली रीत पाहण्यासारखी आहे. सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी असत. ‘सी’ची ओळ म्हणजे आपण होऊन कुणाकडे जायचं, ‘एन’ची ओळ म्हणजे कुणी आलं तर त्याला आत घ्यायचं. अक्षरापुढे कोलन, मग समोरच्या यंत्राचा पत्ता, कोलन, आपसात ठरवलेला पासवर्ड, कोलन, सर्व्हरचं नाव, शेवटी पोर्ट वगैरे. गंमत अशी की या ओळी एकाच बाजूने लिहून भागत नसे. समोरच्या सर्व्हरचालकाने त्याच्या फाइलमध्ये जुळणाऱ्या ओळी लिहिल्या, तरच जोडणी होई. मुलाकडच्यांनी हो म्हणावं आणि मुलीकडच्यांनीही हो म्हणावं, तेव्हा सोयरीक ठरते. तसाच हा मामला. त्यामुळे नवा सर्व्हर जोडायचा तर आधी ओळख काढा, पत्र पाठवा, आपलं यंत्र धड चालतं याची खात्री पटवा, असा खटाटोप असे.

जाळ्याची रचनाही झाडासारखी ठेवावी लागे. कोणत्याही दोन सर्व्हरांमध्ये एकच वाट, कारण दोन वाटा झाल्या तर निरोप गोल गोल फिरत राहतील. या नियमाचा तोटा उघड होता. मधली एक फांदी तुटली की जाळ्याचे दोन तुकडे होत आणि निम्मी माणसं पडद्यावरून एकदम नाहीशी होत. याला नेटस्प्लिट म्हणत. जुने वापरकर्ते आजही त्याच्या आठवणी काढतात, थोड्या लाडानेच.

आता अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची गोष्ट. तिथला एरिस हा सर्व्हर ओळखपाळखीच्या भानगडीत पडत नसे. कुणीही यावं, पासवर्डाविना जोडून घ्यावं. साहजिकच नको ते लोकही आले, दुसऱ्यांची नावं पळवणं आणि गोंधळ घालणं सुरू झालं. १९९० च्या ऑगस्टमध्ये बाकीच्या चालकांनी आपापल्या फाइलमध्ये ‘क्यू’ची नवी ओळ घातली: एरिस ज्या जाळ्यात आहे त्याच्याशी आपला संबंध नाही. हे बहिष्कार टाकणारे स्वतःला ‘एरिस फ्री नेटवर्क’, म्हणजेच ईएफनेट, म्हणवू लागले. एरिसवाल्यांनी आपल्या जाळ्याला ए-नेट नाव दिलं, ए म्हणजे अनार्की. ते फार टिकलं नाही. ईएफनेट अजून चालू आहे.

पण भांडणं तिथे संपली नाहीत. नेटस्प्लिटनंतर दोन तुकडे पुन्हा जुळले आणि दोन्हीकडे एकाच नावाचा माणूस निघाला, तर नाव कुणाचं? एक गट म्हणे, ज्याने ते आधी घेतलं त्याचं. सर्व्हरांनी वेळेची नोंद ठेवावी. दुसरा म्हणे, नोंदी नकोत, तुटल्यानंतर काही वेळ ते नाव कुणालाच देऊ नये. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. पण जुलै १९९६ मध्ये ईएफनेटचं जाळं दुभंगलं त्यामागे हा वाद तर होताच, शिवाय कुणाच्या हाती किती अधिकार असावेत यावरची कुरबुरही होती. युरोपातले बहुतेक सर्व्हर बाहेर पडून आयआरसीनेट झाले.

सर्व्हर जोडायला परवानगी मागायची आयआरसीची ही पद्धत पुढच्या पिढीने मोडली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जेरेमी मिलरने जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट आणि एओएलच्या झटापटीआधी सहा महिने, जॅबर जाहीर केलं. पुढे त्याचं प्रमाणित रूप एक्सएमपीपी या नावाने २००४ मध्ये आलं. इथे माणसाचा पत्ता ईमेलसारखा: आधी नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं डोमेन. कुठल्याही सर्व्हरने कुठल्याही सर्व्हरला पूर्वपरिचयाशिवाय निरोप द्यावा, अशी ही कल्पना.

मग तोतया आला तर ओळखायचा कसा? त्यासाठी २००० साली ‘डायलबॅक’ नावाची युक्ती आली. समजा, पहिला सर्व्हर दुसऱ्याकडे आला, आपलं डोमेन सांगितलं आणि एक किल्ली दिली. दुसरा त्याच्या शब्दावर जात नाही. तो डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावनोंदणीत, त्या डोमेनचा पत्ता शोधतो, त्या पत्त्यावर स्वतः वेगळी जोडणी करतो आणि विचारतो, “ही किल्ली तुम्हीच दिलीत ना?” होकार आला तरच निरोप स्वीकारतो. चालकांनी एकमेकांना ओळखायची गरज उरली नाही; ओळखीचा भार डीएनएसवर गेला.

त्यामुळे सर्व्हर उभारणाऱ्याची कामंही बदलली. वापरकर्त्यांसाठी ५२२२ आणि इतर सर्व्हरांसाठी ५२६९ हे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडायचे. डोमेन एका यंत्रावर आणि चॅट दुसऱ्या यंत्रावर असेल तर डीएनएसमध्ये एसआरव्ही प्रकारची नोंद करायची. नवख्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं. ५२२२ उघडा असतो, घरातल्या घरात गप्पा झकास चालतात. ५२६९ बंद राहतो आणि बाहेरचं जग मुकं वाटतं.

या वाटेवर सर्वांत मोठा पाहुणा आला तो गुगल. ऑगस्ट २००५ मध्ये गुगल टॉक निघालं आणि जानेवारी २००६ मध्ये ते बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांना खुलं झालं. घरच्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवणारा हौशी माणूस जीमेलवाल्या कुणाशीही बोलू शकत होता. जाळ्याच्या इतिहासातला हा सोन्याचा काळ, आणि त्यातच त्याचं दुखणंही होतं. लोकांना वेगळा सर्व्हर घ्यायचं कारणच उरलं नाही. जो तो जीमेलवर. मे २०१३ मध्ये गुगलने हँगआउट्स आणलं, त्यात बाहेरच्या सर्व्हरांना जागा नव्हती. वर्षभराने, १९ मे २०१४ रोजी, एक्सएमपीपीच्या चालकांनी ठरवून सर्व्हरांमधला सगळा संवाद कूटबद्ध केला, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असा. गुगल टॉकच्या जुन्या सर्व्हरांना बाहेरच्यांशी तसं बोलता येत नव्हतं, तेव्हा उरलेसुरले धागेही त्या दिवशी तुटले. नियम योग्य होता, पण अनेकांनी आपल्या यादीतली निम्मी माणसं त्यापायी गमावली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅथ्यू हॉजसन आणि अमांदीन ल पाप यांच्या चमूने मॅट्रिक्स जाहीर केलं. आयआरसीच्या झाडावर त्यांचं उत्तर असं: गप्पांची खोली एका सर्व्हरची नसते. त्यात ज्या ज्या सर्व्हरची माणसं आहेत, त्या प्रत्येकाकडे खोलीची आपापली प्रत असते. मधला दुवा तुटला तरी दोन्हीकडे बोलणं चालू राहतं आणि जोडणी परतली की नोंदी जुळवल्या जातात. प्रत्येक नोंदीवर पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही असते. सर्व्हरांनी एकमेकांना शोधायचं ते ८४४८ पोर्टवर, नाहीतर डोमेनच्या वेबसाइटवर ठरलेल्या जागी ठेवलेल्या एका छोट्या फाइलमधून. त्या फाइलमध्ये जेमतेम एक ओळ असते: आमचा चॅट सर्व्हर अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर आहे.

सुरुवातीला सर्व्हरची ओळख पटवायला स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्रही चाले. जून २०१९ मध्ये मॅट्रिक्सची १.० आवृत्ती आली तेव्हा मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ च्या डिसेंबरपासून अशी प्रमाणपत्रं सर्वांना फुकट द्यायला घेतली नसती, तर ही सक्ती हौशी चालकांना परवडली नसती.

सरकारंही या वाटेला आली. फ्रान्सने एप्रिल २०१९ मध्ये सरकारी नोकरांसाठी मॅट्रिक्सवरच तशाप ही सेवा सुरू केली. सुरुवातीलाच एका संशोधकाने ईमेलच्या पत्त्यात एकाहून अधिक ॲटची चिन्हं घालून आत प्रवेश मिळवला: पडताळणीला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचं डोमेन दिसलं आणि मेल गेला त्याच्या खाजगी खात्यावर. चूक लगेच दुरुस्त झाली.

भारतात फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया हा स्वयंसेवकांचा गट पोडेरी या नावाने एक्सएमपीपी आणि मॅट्रिक्सच्या सेवा लोकवर्गणीवर चालवत आला. त्यातल्याच मंडळींनी ‘प्रव’ हे एक्सएमपीपीचं ॲप काढलं आणि ते सहकारी संस्थेच्या मालकीचं असावं, असा घाट घातला. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या महाराष्ट्राला सहकार समजावून सांगायला नको, पण गप्पांचा सर्व्हर सभासदांच्या मालकीचा ही कल्पना इकडे अजून रुजलेली नाही. दुसरीकडे मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेच्या कारणावरून १४ ॲपवर बंदी घातली, त्यात मॅट्रिक्सचं एलिमेंटही होतं. एलिमेंट हे मॅट्रिक्सवर चालणाऱ्या अनेक ॲपपैकी फक्त एक आहे, हे त्या वेळच्या बातम्यांत क्वचितच आलं.

युरोपीय संघाने आता गोष्ट कायद्यावर नेली आहे. डिजिटल मार्केट्स ॲक्टनुसार मेटा कंपनीच्या व्हॉट्सॲप आणि फेसबुक मेसेंजर यांनी मागणी करणाऱ्या इतर सेवांशी जोडून घ्यायलाच हवं. मार्च २०२४ पासून हे बंधन लागू झालं. त्यासाठी इच्छुक सेवेने आधी मेटाशी करार करायचा, त्यांच्या अटी मानायच्या, मग जोडणी. ‘सी’ आणि ‘एन’च्या ओळींच्या काळातली विचारणाच ही, फक्त आता एक बाजू अवाढव्य आहे. कायद्याची सक्ती नसती तर एवढंही झालं नसतं, हे गुगलच्या अनुभवावरून म्हणायला हरकत नाही. हा कायदा युरोपीय संघातल्या वापरकर्त्यांपुरता आहे. व्हॉट्सॲपचे जगात सर्वाधिक वापरकर्ते भारतात आहेत, आणि त्यांना तो लागू नाही.