अप, डाऊन आणि अंगाशी

इंग्रजीतले मोठे शब्द स्वभावाने गरीब. कोशात जिथे ठेवावेत तिथे सापडतात. छळतात ती अप, डाऊन, इन, ऑफ ही टीचभर पोरे!

मुलुंडकरांची या पोरांशी ओळख जुनी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती मुलुंडवरूनच. साहेबाने रुळांबरोबर 'अप' आणि 'डाऊन'ही अंथरले. विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी अप, तशी इथे बोरीबंदरकडे जाणारी. म्हणजे मुलुंडचा माणूस सकाळी 'अप'ने समुद्राकडे उतरतो आणि संध्याकाळी 'डाऊन'ने डोंगराच्या पायथ्याशी येतो!

गाडीचे अप-डाऊन निदान वेळापत्रकात सापडते. बोलण्यातले कुठे शोधायचे? गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो, दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो आणि दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासते. आमच्या शेजारच्या नानांनी न्यू जर्सीच्या नातवाला फोनवर विचारले, "दिवाळीला येणार ना रे?" तो म्हणाला, "नाना, आय ॲम डाऊन!" नाना घाबरले, "ताप किती आहे?" पोरगा यायला तयार होता, इतकेच. 'अप फॉर इट' म्हणाला असता तरी तयारच!

यात लाजण्यासारखे काही नाही. खुद्द डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केले, की क्रियापदाला असे शेपूट जोडायची खोड इंग्रजीला फार आणि परक्यांची खरी अडचण तिथेच.

पण साहेब तरी कुठे सुटला? मोल्सवर्थसाहेबांनी शास्त्रीमंडळी हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७च्या आवृत्तीत तो सुमारे ६० हजार शब्दांवर नेला. शास्त्रीबोवांवाचून ते जमते ना. कारण आमचाही खेळ तोच, फक्त शेपूट नामाला. कुत्रा अंगावर येतो, देवी अंगात येते, उसनवारी अंगाशी येते आणि तूप अंगी लागते. अंग एकच! हे आपल्याला कोणत्या मास्तरांनी शिकवले? कुणीच नाही. घरातल्या बोलण्यातून, बरेचसे आईच्या ओरडण्यातून, ते कानात मुरले.

दिवाळीत नातू आला. चार दिवसांनी लाडात येऊन म्हणाला, "नाना, तुम्ही माझ्या डोक्यात जाता!" त्याला म्हणायचे होते, की तुमची सारखी आठवण येते. आम्ही हसलो, नाना हसले नाहीत. पोराकडे मराठी शब्द होते, शेपट्या तेवढ्या विमानात चढल्या नव्हत्या.

आता दर रविवारी फोनवर रोकडा व्यवहार चालतो. नातू एक 'ऑफ' देतो, नाना एक 'अंगाशी' देतात.