वटवाघळांचे प्रतिध्वनि-स्थाननिर्धारण व जातिउद्भव

अंधारात उडताना तोंडावाटे अथवा नाकावाटे उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास अधिक कंपने होणारे) ध्वनी काढून त्यांच्या प्रतिध्वनींवरून अडथळ्यांचे व भक्ष्याचे स्थान ठरविण्याच्या वटवाघळांच्या क्रियेस प्रतिध्वनि-स्थाननिर्धारण म्हणतात. वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती ज्ञात असून फलाहारी वटवाघळांचे कुल वगळल्यास जवळजवळ सर्वांत ही क्षमता आढळते. बहुतेक जातींचे हे ध्वनी २०,००० हर्ट्‌झच्या वर, म्हणजे मानवी श्रवणमर्यादेपलीकडे असतात. या मर्यादेमुळे प्रथम वटवाघळांची मार्ग शोधण्याची रीत दीर्घकाळ गूढ राहिली व पुढे त्यांच्या काही जातीही अज्ञात राहिल्या.

इटालियन निसर्गवैज्ञानिक लाझारो स्पालान्झानी (१७२९–९९) यांना १७९३ मध्ये असे आढळले की, मेणबत्ती विझताच घुबड भिंतींवर आदळते. वटवाघूळ मात्र निर्वेध उडत राहते. त्यांनी काही वटवाघळांची दृष्टी नष्ट करून त्यांना सोडून दिले. पाव्हीया येथील घंटाघरात ती पुन्हा पकडली, तेव्हा त्यांची पोटे कीटकांनी भरलेली होती. जिनीव्हा येथील शल्यचिकित्सक ल्वी झ्यूरीन यांनी १७९४ मध्ये वटवाघळांचे कान बंद केले असता ती अडथळ्यांवर आदळू लागली. स्पालान्झानी यांनी स्वतः प्रयोग करून हा निष्कर्ष मान्य केला. परंतु ऐकू न येणारा ध्वनी ही कल्पना त्या काळी कोणालाच सुचली नाही. झॉर्झ क्यूव्ह्ये या फ्रेंच शारीरविज्ञांनी वटवाघळे स्पर्शज्ञानाने मार्ग शोधतात असे प्रतिपादन केले आणि त्यांच्या अधिकारामुळे तेच मत शतकाहून अधिक काळ प्रमाण मानले गेले.

१९२० मध्ये ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक हॅमिल्टन हार्ट्रिज यांनी वटवाघळे उच्च कंप्रतेच्या ध्वनीचा उपयोग करीत असावीत अशी कल्पना मांडली. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीविज्ञ जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी श्राव्यातीत ध्वनी टिपणारे उपकरण बनविले होते. डॉनल्ड ग्रिफिन (१९१५–२००३) या विद्यार्थ्याने १९३८ मध्ये त्यासमोर वटवाघळे आणली, तेव्हा त्यांचे आवाज प्रथमच नोंदले गेले. त्यानंतर ग्रिफिन व रॉबर्ट गॅलँबोस यांनी तारा टांगलेल्या खोलीत प्रयोग करून असे सिद्ध केले की, कान किंवा तोंड यांपैकी काहीही बंद केले, तरी वटवाघूळ तारांवर आदळते. १९४४ मध्ये ग्रिफिन यांनी या क्रियेचे नामकरण केले.

आवाज टिपणारी उपकरणे पुढे सुटसुटीत झाली आणि त्यांतून एक अनपेक्षित शोध लागला. पिपिस्ट्रेल हे यूरोपात सर्वत्र आढळणारे, सु. ५ ग्रॅ. वजनाचे वटवाघूळ. योहान श्रेबर यांनी १७७४ मध्ये वर्णन केल्यापासून ते सुपरिचित होते. १९९३ मध्ये गॅरेथ जोन्स व सोफी व्हॅन पॅरिस यांनी दाखवून दिले की, ब्रिटनमधील या वटवाघळांपैकी काहींचा आवाज सु. ४५ किलोहर्ट्‌झचा, तर काहींचा सु. ५५ किलोहर्ट्‌झचा असतो आणि हे दोन गट वेगवेगळ्या ठिकाणी वसाहती करून राहतात. १९९७ मध्ये डीएनएच्या तुलनेत त्यांत ११ टक्क्यांहून अधिक भेद आढळला व त्या दोन स्वतंत्र जाती असल्याचे निश्चित झाले. पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस व पिपिस्ट्रेलस पिग्मीयस ही त्यांची नावे आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २००३ मध्ये स्थिर केली.

मार्ग शोधण्याच्या आवाजाखेरीज वटवाघळे परस्परांशी संपर्कासाठी निराळे आवाज काढतात. या दोन जातींत त्यांची रचनाही भिन्न असते. ध्वनिमुद्रित आवाज ऐकविले असता प्रत्येक जाती मुख्यतः स्वजातीयांच्या आवाजाला प्रतिसाद देते. मीलनासाठी स्वजातीय ओळखण्यास असा भेद उपयोगी पडतो व त्यामुळे जातींमधील संकर टळण्यास मदत होते.

आवाजातील भेद हे जातिउद्भवाचे कारण की परिणाम, हा प्रश्न मात्र सरळ नाही. ४५ व ५५ किलोहर्ट्‌झच्या ध्वनींची तरंगलांबी अनुक्रमे सु. ७.५ व ६.२ मिमी. असते. इतक्या अल्प फरकामुळे दोन जातींचे भक्ष्य वेगळे होईल असे दिसत नाही. म्हणून येथे आवाज ही भेदाची खूण असावी, मूळ कारण नव्हे. याउलट इंडोनेशियातील सूलावेसी प्रदेशात ऱ्हायनोलोफस फिलिपिनेन्सिस या नालनासिक वटवाघळाचे लहान, मध्यम व मोठे असे तीन प्रकार एकत्र आढळतात. टायगा किंग्स्टन व स्टीव्हन रॉसिटर यांनी २००४ मध्ये असे दाखविले की, त्यांचे सु. ५४, ४० व २७ किलोहर्ट्‌झचे आवाज एकाच मूळ कंप्रतेच्या अनुक्रमे चौपट, तिप्पट व दुप्पट आहेत. एका पटीवरून दुसरीवर जाताच भक्ष्याचा आकार व स्वजातीय ओळखण्याची खूण ही दोन्ही एकदम बदलतात. त्यामुळे भौगोलिक अडसर नसतानाही प्रकार विलग होऊ शकतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या संशोधनास व्यावहारिक महत्त्वही आहे. पिपिस्ट्रेलच्या दोन जातींपैकी पिग्मीयस ही नद्या व तळी यांच्या काठच्या अधिवासाशी अधिक निगडित आहे. त्यामुळे दोहोंच्या संरक्षणाच्या गरजा सारख्या नाहीत. तथापि जुन्या गणनांत दोन्ही एकच जाती म्हणून नोंदल्या गेल्याने प्रत्येकीची पूर्वीची संख्या त्या गणनांवरून वेगळी काढता येत नाही.